बसलं म्हणजे जमलं नव्हे

गेल्या रविवारी मामांचा नाशिकहून फोन आला. तब्येती, पाऊस, द्राक्षं वगैरे बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काल कुठे होतास रे? दोनदा फोन लावला."

थाप मारायला हवी होती, पण मी खरं सांगून बसलो. "नट आणायला गेलो होतो मामा."

"कुठे?"

"इथून दोन तासांवर एक दुकान आहे."

"म्हणजे जायला दोन आणि यायला दोन?"

"हो."

"आणि नट केवढ्याला?"

"एक पौंडाच्या आत. पण चार घेतले."

पलीकडे शांतता. मग फोन बाजूला न धरताच मामांनी मामीला दिलेली बातमी मला स्पष्ट ऐकू आली: "अगं, भाच्याला इंग्लंडची हवा बाधली." संध्याकाळपर्यंत ही बातमी ठाणे आणि डोंबिवली करत अमेरिकेत पोचली होती, कारण धाकट्या बहिणीचा मेसेज आला: "दादा, इथे कोपऱ्यावरच्या दुकानात नट मिळतात. पाठवू का?"

तर मंडळी, हा खुलासा. खुलासा करता करता भांडणही होणार आहे. मुद्दा माझ्या चार नटांचा नाही. "अरे, बसला ना? मग झालं तर!" या वाक्याशी माझं भांडण आहे. हे वाक्य मी पुण्यात ऐकलं, मुंबईत ऐकलं, आणि इथे, जिथे म्हणे सगळं नियमानं चालतं, तिथेही अस्खलित इंग्रजीत ऐकलं. सगळ्यात जास्त वेळा मी ते स्वतःच्याच तोंडून ऐकलं आहे.

आधी गाडीबद्दल. आमच्याकडे १९६६ची मॉरिस मायनर आहे. आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी ही 'बेबी हिंदुस्थान' या नावाने पाहिलेली असेल, आणि तिची मोठी चुलत बहीण मॉरिस ऑक्सफर्ड म्हणजे आपली अँबॅसडर. मायनर १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आली. आराखडा ॲलेक इसिगोनिस यांचा, ज्यांनी पुढे मिनी काढली. गाडी तयार होत आल्यावर त्यांना ती फार अरुंद वाटली, म्हणून नमुन्याची गाडी मधोमध उभी कापून चार इंच रुंद केली. पण तोवर बंपर तयार होऊन पडले होते! मग तेही मधे कापले आणि फटीवर पट्टी लावून जोडले. सुरुवातीच्या गाड्यांच्या बंपरवर ती पट्टी आजही दिसते. म्हणजे जोडाजोडीला माझा विरोध नाही हे लक्षात घ्या. खुद्द बनवणाऱ्यांनीच जोडाजोड केली होती. पण ती उघड होती, सगळ्यांना दिसेल अशी होती. हा मुद्दा पुढे येणार आहे.

आता स्क्रू. मी राहतो ते गाव बर्मिंगहॅमच्या पलीकडे, ज्या पट्ट्याला इथे ब्लॅक कंट्री म्हणतात तिथे. विनोद असा की हे सगळ्या जगाच्या नटबोल्टांचं माहेर. शेजारचं डार्लस्टन एकेकाळी निव्वळ नटबोल्टांवर जगत होतं. स्मेथिकला नेटलफोल्ड यांचा स्क्रूचा अवाढव्य कारखाना होता. त्यात भागीदारी सांभाळायला १८५४ साली अठरा वर्षांचा जोसेफ चेंबरलेन लंडनहून इथे आला, स्क्रू विकून श्रीमंत झाला आणि मग राजकारणात शिरला. त्याचा मुलगा नेव्हिल म्हणजे १९३८ साली म्युनिकहून कागद फडकवत परतलेले ते पंतप्रधान. माझ्या लहानपणी आमच्या बोहरी आळीतल्या दुकानात सुतार 'नेटलफोल्डचे स्क्रू द्या' म्हणत, ते नाव इथलं. अशा गावात राहून मला नटासाठी दोन तास गाडी हाकावी लागते. कारखाने गेले, जागेवर गोदामं आणि सुपरमार्केट आली. त्याबद्दल रडायला मी बसलेलो नाही.

पहिल्यांदा मी इथल्या ऑटोजंबलला गेलो, त्याची गंमत सांगतो. ऑटोजंबल म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. आपला पुण्याचा जुना बाजार डोळ्यांसमोर आणा, फक्त चिखल जास्त आणि चहा वाईट. यातला सगळ्यात मोठा बोलीयू इथे १९६७ पासून भरतो. मी गेलो तो छोटा, एका शेतातला. एक आजोबा तंबाखूच्या जुन्या डब्यांत बोल्ट घेऊन बसले होते. मी म्हटलं, "थ्री-एट्थ्सचा नट हवाय."

आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. "थ्री-एट्थ्स काय?"

"इंच," मी म्हणालो.

आजोबा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी पाच डबे उघडले आणि प्रत्येकातून एकेक नट काढून माझ्या तळहातावर ठेवला. पाचही नट थ्री-एट्थ्सचे, म्हणजे आपल्या फिटरच्या भाषेत तीन सुती. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे ज्यांच्या घरी सुतारकाम झालंय त्यांना सांगायला नको.) पहिला व्हिटवर्थ, इंचाला १६ आटे. दुसरा बीएसएफ, इंचाला २०. तिसरा यूएनसी, पुन्हा १६, पण आट्याचा कोन वेगळा. चौथा यूएनएफ, २४. पाचवा सायकलवाल्यांचा, २६. शिवाय पाइपाचा थ्री-एट्थ्स असतो तो निराळाच. त्यात माप पाइपाच्या पोकळीचं, त्यामुळे बाहेरून तो जवळजवळ १७ मिलिमीटर भरतो. पाचातला एकही दुसऱ्याच्या बोल्टवर नीट बसणार नाही. पण 'नीट' हा शब्द काढून टाका, मग बरेच बसतात. सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे.

हा गोंधळ कुणी मुद्दाम घातलेला नाही. उलट प्रत्येकानं तो मिटवायचाच प्रयत्न केला. १८४१ पूर्वी प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडत असे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणचे बोल्ट गोळा करून मोजले, त्यांचा सुवर्णमध्य काढला आणि ५५ अंशांचा आटा सुचवला. देशभर चालणारा तो पहिला आटा. तो तुमच्या घरात आजही आहे बरं का! आपल्याकडच्या नळाचे आणि पाण्याच्या पाइपांचे आटे त्याच ५५ अंशांच्या घराण्यातले. पण व्हिटवर्थचा आटा भरड. गाडी हादरते, भरड आटा सुटतो. म्हणून १९०८ साली बारीक आट्यांचं बीएसएफ आलं. घड्याळ, मीटर, विजेचं सामान यांना त्याहून नाजूक हवं, म्हणून त्याआधीच १८८४च्या सुमारास बीए नावाची मालिका आली होती. तिचा कोन साडेसत्तेचाळीस अंश आणि मापं चक्क मिलिमीटरवर बेतलेली! शून्य नंबरचा बीए स्क्रू बरोबर ६ मिलिमीटरचा.

मग दुसरं महायुद्ध. ब्रिटिश रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतलं. इंजिनाचे भाग अदलाबदल करता यावेत म्हणून पॅकार्डने सगळे ब्रिटिश आटे तसेच ठेवले, आणि तसे टॅप-डाय अमेरिकेत मिळेनात म्हणून स्वतः बनवले. युद्ध संपल्यावर १९४८च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एकत्र बसून ६० अंशांचा सामाईक आटा ठरवला. तेच यूएनसी आणि यूएनएफ. माझी मायनर बहुतांशी यूएनएफ, विजेच्या सामानात बीए. पुढे १९६५ साली ब्रिटनने मेट्रिककडे जायचं ठरवलं. म्हणजे हा चौथा थर, आणि जुन्या गाड्यांना आज दुकानात सहज मिळतो तो याच थरातला माल.

यातलं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण एमजीच्या टी मालिकेतल्या गाड्यांचं. १९२३ साली मॉरिसने कोव्हेंट्रीतला एका फ्रेंच कंपनीचा इंजिनांचा कारखाना विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. पण इंग्रज मेकॅनिककडे मेट्रिक पाने नाहीत! मग त्यांनी काय केलं, तर आटे मेट्रिक ठेवले आणि बोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची केली. पुढे एमजीच्या इंजिनांतही तेच आलं. पाना लावून बघाल तर इंग्लिश, फिरवून बघाल तर फ्रेंच. बाहेरून कळणं शक्यच नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, गंमत आहे, पण यात भांडण्यासारखं काय? तर आता तेच सांगतो. हे घरी पूर्ण सांगितलेलं नाही, आई वाचत असेल तर तिने कृपया शांतपणे वाचावं.

तीन वर्षांपूर्वी मागच्या ॲक्सलवरचा ब्रेकचा पितळी तिठा गंजलेला दिसला. तीन तोंडांचा एवढासा तुकडा. एका तोंडातून ब्रेकचं तेल येतं आणि दोन बाजूंच्या चाकांकडे वाटलं जातं. मी नवा मागवला. विकणाऱ्याने वर माझ्या गाडीचं नाव लिहिलं होतं, फोटो हुबेहूब होता, किंमत निम्मी होती. आट्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. मीही विचारलं नाही. आला, लावला. पाइपाचे जुने नट बोटांनी सुर्रकन आत गेले. मला काय आनंद झाला! साठ वर्षं जुन्या गाडीत इतकं सहज काही जात नसतं. पान्याने आवळलं, ब्रेकमधली हवा काढली, खाली कागद पसरून ठेवला. एक थेंब नाही. "बसलं!" मी स्वतःशी म्हणालो.

दोन आठवडे गाडी छान चालली. मग एका रविवारी मुलीला घेऊन निघालो. ती तेव्हा नऊ वर्षांची. उतारावरून खाली चौकाकडे येताना पुढे एक सायकलवाला होता, तो अचानक थांबला. मी ब्रेक जोरात दाबला. इतका जोरात त्या दोन आठवड्यांत पहिल्यांदाच. पेडल क्षणभर घट्ट लागलं आणि मग सरळ फरशीला टेकलं, लोण्यात पाय गेल्यासारखं. या गाडीला ब्रेकची एकच वाहिनी असते. एका जागी सुटलं की चारही चाकांचे ब्रेक गेले. हँडब्रेक तेवढा वेगळ्या तारेवर. तो ओढला, गिअर खाली टाकला, स्टिअरिंग डावीकडे वळवलं आणि गवताच्या पट्टीवर चढलो. सायकलवाल्याच्या आणि आरशाच्या मधे हातभर अंतर राहिलं असेल. त्याने वळून पाहिलं, मला वाटतं त्याला कळलंही नाही काय झालं ते. मुलगी म्हणाली, "बाबा, आपण इथे का थांबलो?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही.

घरी गाडी ओढून आणल्यावर खाली शिरलो. पाइपाचा नट तिठ्यातून बाहेर येऊन लोंबत होता, आट्यांची टोकं पुसली गेलेली. माझे नट तीन सुती यूएनएफ, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचे. नवा तिठा १० मिलिमीटर मेट्रिक. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. आट्यांचं अंतरही जवळजवळ सारखं, एक मिलिमीटर आणि एक पूर्णांक सहा शतांश. म्हणून तर सुर्रकन गेले! आट्यांची फक्त टोकं टोकांना टेकली होती. आवळायला पुरेशी, हळू ब्रेक दाबायला पुरेशी, गरजेच्या वेळी अपुरी. उलटं असतं, म्हणजे मेट्रिक नट आणि यूएनएफ तिठा असता, तर तो शिरलाच नसता आणि मी वाचलो असतो.

विकणाऱ्याला कळवलं. त्याने पैसे परत केले आणि लिहिलं की आम्ही आट्यांचं माप कुठेच दिलेलं नव्हतं, ते तपासणं घेणाऱ्याचं काम. पहिल्यांदा डोकं फिरलं. मग वाटलं, अर्धं तरी खरं बोलतोय. तपासणं माझं कामच होतं. पण उरलेल्या अर्ध्याबद्दल मी आजही भांडायला तयार आहे. ज्याला आट्याचं माप माहीत नाही त्याने ब्रेकचा भाग विकूच नये, आणि माहीत असून लिहीत नाही त्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. 'अमुक गाडीला बसेल' ही माहिती नव्हे. 'बसेल' हे तर त्याने खरंच लिहिलं होतं! बसला की.

कुणी म्हणेल, हौशी माणसाच्या गॅरेजमधली चूक आहे ही, जाणकारांकडून असं होत नाही. त्यांना १० जून १९९०ची गोष्ट सांगतो. ब्रिटिश एअरवेजचं ५३९० क्रमांकाचं विमान आमच्या बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. १७,३०० फुटांवर कॉकपिटची डावीकडची काच उडून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत विमानाबाहेर खेचला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. ती काच उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी, रात्रपाळीत बदलली होती. ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट जाडीला कमी होते. किती कमी? ०.०२६ इंच, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटरही नाही. उरलेले सहा लांबीला आखूड.

चौकशी अहवालातला सगळ्यात बोचणारा भाग पुढचाच आहे. काच बदलणारा माणूस अनुभवी होता, कामचुकार नव्हता. त्याने जुना बोल्ट हातात घेऊन नव्याशी ताडून पाहिला, अंधूक उजेडात, नजरेने. भांडारातल्या माणसाने योग्य नंबर कोणता ते सांगितलंही होतं. आणि काढलेले जुने बोल्टसुद्धा बहुतेक चुकीचेच होते, आखूड, पण ते टिकले होते. म्हणजे आधी कुणीतरी "बसतंय" म्हणालं, ते निभावलं, आणि त्या निभावण्यानेच पुढच्याला फसवलं. माझ्या तिठ्यात अर्धा मिलिमीटर, त्या विमानात पाऊण मिलिमीटरच्या आत. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. दिसतो असं म्हणणाऱ्याशी पैज लावायला तयार आहे.

आता आक्षेप. हे मला तोंडावर सांगितले गेले आहेत, तेव्हा एकेक घेतो.

पहिला आक्षेप आमच्या मित्राचा: "सगळे आटे मेट्रिक करून टाक ना एकदाचे! भोक मोठं कर, नवे आटे पाड, सुटलास." तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. पण मी सुटलो, पुढचा अडकला. मी उद्या ही गाडी विकेन, किंवा मुलगी चालवेल. पुस्तक सांगेल यूएनएफ, धातू सांगेल मेट्रिक. माझ्या आधीच्या कुणीतरी हेच केलंय. माझ्या गाडीत पाच सुती... चुकलो, अडीच सुती यूएनएफच्या जागी कुणीतरी ८ मिलिमीटरचा बोल्ट घातलेला सापडला. दोघांच्या जाडीत फरक अगदी नगण्य, आट्यांत मात्र भरपूर. पान्याने रेटून घातला होता. काढला तेव्हा आतले आटे तारेच्या गुंडाळीसारखे सोबत बाहेर आले. तो माणूस त्या दिवशी हात धुऊन "बसला" म्हणत घरी गेला असेल, आणि वीस वर्षांनी त्याचं बिल मी भरलं. बदल करायचाच असेल तर बंपरच्या पट्टीसारखा करा, दिसेल असा. बोल्टाशेजारी रंगाने लिहा, वहीत नोंदवा. न लिहिता केलेला बदल म्हणजे पुढच्यासाठी खणलेला खड्डा आहे.

दुसरा आक्षेप चकचकीतवाल्यांचा. प्रदर्शनांत गाड्या घेऊन येणारी ही मंडळी जुने काळे बोल्ट काढून स्टेनलेस स्टीलचा आख्खा संच लावतात. दिसायला सुंदर, गंजत नाही. पण बोल्ट हा खुंटीसारखा नुसता अडकून बसत नाही. तो आवळल्यावर किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा दोन भाग धरून ठेवतो. ती ताकद त्याच्या डोक्यावर लिहिलेली असते. मेट्रिक बोल्टवर ८.८ असेल तर पहिल्या आकड्याचा अर्थ ८०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. अमेरिकी पद्धतीच्या बोल्टवर रेघा असतात, तीन रेघा म्हणजे ग्रेड पाच. जुन्या ब्रिटिश बोल्टांवर अक्षरं असत, आणि यूएनएफचे आटे ओळखावेत म्हणून डोक्यावर एकमेकांना चिकटलेली छोटी वर्तुळं. सर्रास मिळणारं स्टेनलेस ८.८पेक्षा मऊ असतं, लवकर कायमचं ताणलं जातं. नंबरप्लेटला लावा, दाराच्या पट्टीला लावा, माझी ना नाही. मी स्वतः गादीखाली कुठले कुठले स्क्रू लावलेत ते विचारू नका. पण स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि ब्रेक यांना चकचकीत म्हणून काही लावणारा माणूस माझ्या लेखी धोकादायक आहे, मग त्याच्या गाडीला कितीही कप मिळोत.

तिसरा आक्षेप: "सरकार तपासतं ना गाड्या दरवर्षी?" नाही तपासत. २०१८च्या मेपासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणी सक्तीची नाही. कारण दिलं गेलं की हौशी मालक गाड्या नीट ठेवतात. हौशी मालक म्हणजे कोण? तर मी! तो तिठा लावणारा. मी तेव्हापासून स्वखुशीने दरवर्षी तपासणी करून घेतो, आणि जो घेत नाही त्याच्याशी वाद घालतो. मित्र कमी झालेत थोडे.

आणि चौथा आक्षेप, खास आपल्या घरातला: "हे सगळे श्रीमंती चोचले." मंडळी, नटाला एक पौंडही पडला नाही. हे पैशाचं नाही, लक्ष देण्याचं आहे. त्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही, हे मला आमच्या नानाकाकांनी दाखवलं होतं. मीच विसरलो.

नानाकाका भोसरीला फिटर होते. त्यांच्या गॅलरीत डालड्याचे डबे रांगेने असत आणि प्रत्येकावर खडूने माप लिहिलेलं. सायकलचा नट हरवला म्हणून मी त्यांच्याकडे गेलो की ते कधीच डब्यातला पहिला नट उचलून देत नसत. आधी माझा बोल्ट घ्यायचे, डब्यातला माहितीतला बोल्ट घ्यायचे आणि दोन्ही आडवे, आट्यांत आटे घालून खिडकीच्या उजेडाकडे धरायचे. मधून उजेड दिसला की वेगळे. दोन फणींचे दात एकमेकांत घालावेत तसं. मग म्हणायचे, "आता हातानं फिरव. अडलं तर थांब. आणि फार सैल गेलं तरी थांब." पहिलं वाक्य मला नेहमी लक्षात राहिलं. दुसरं का म्हणत असत ते मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, गवताच्या पट्टीवर उभ्या असलेल्या गाडीत बसून कळलं. जे अडतं ते आपल्याला थांबवतं तरी. जे नको इतकं सहज जातं, तिथे नट अर्धा आत असताना बोटांनी हलवून बघावं. डुगडुगला तर तो आपला नव्हे.

तेव्हापासून माझे नियम साधे आहेत. ज्या मालावर आट्याचं माप लिहिलेलं नाही तो घ्यायचा नाही, फुकट दिला तरी. घेतलेला आधी मोजायचा. त्यासाठी फणीसारखं थ्रेड गेज मिळतं, एका पिझ्झ्याच्या किमतीत. काढलेला प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावून ठेवायचा. आणि ब्रेकचा माल समोरासमोर, दुकानातल्या माणसाला जुना तुकडा दाखवून घ्यायचा. माझ्या माहितीतलं असं दुकान दोन तासांवर आहे. काउंटरमागच्या बाईंनी मला पहिल्यांदा विचारलं होतं, "थ्री-एट्थ्स काय?" तेव्हाच ठरवलं की आपण इथेच येणार.

तेव्हा मामा, आता तुमच्यासाठी. तुम्ही दर महिन्याला कसारा घाट उतरता. पुढे ट्रक, मागे ट्रक. तुमच्या गाडीच्या ब्रेकचे नट कुणी आवळले ते तुम्हाला माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नाही. तुम्ही फक्त विश्वास ठेवता की तो माणूस "बसलं ना" म्हणून घरी गेला नसेल. माझ्या गाडीच्या बाबतीत तो माणूस मीच आहे. शेजारी तुमची नात बसते. ती आता बारा वर्षांची आहे, आणि परवा नटांची पुडी उघडल्यावर तिनेच दोन बोल्ट उजेडाकडे धरून मला सांगितलं, "बाबा, हे जुळतायत."

चार तास गेले खरे. पुढच्या वेळी फोन आधी दुपारी करा, मी संध्याकाळी गाडीखाली असतो.